अँटिऑक्सिडंट: ताटातले आणि बाटलीतले (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सांगली-मिरज भागात आहारसल्ल्याचं काम करताना एक दृश्य मी नेहमी पाहते. समोर बसलेली व्यक्ती पिशवीत हात घालते आणि टेबलावर एकेक बाटली मांडत जाते. हळदीच्या कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क, 'पाच फळांचा' रस, लाल रंगाचं लायकोपीनचं सिरप. मग प्रश्न येतो, "मॅडम, हे सगळं नैसर्गिकच आहे ना? मग घ्यायला हरकत काय?" हरकत कधी असते आणि कधी नसते, हे दर वेळी घाईघाईत सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे पान.

अँटिऑक्सिडंट म्हणजे नेमकं काय?

कापलेलं सफरचंद थोड्या वेळात काळं पडतं, जुन्या तेलाला खवट वास येतो. हवेतल्या ऑक्सिजनमुळे घडणारे हे बदल म्हणजे ऑक्सिडेशन. आपल्या पेशींमध्येही अन्नापासून ऊर्जा तयार होताना ऑक्सिजनचे काही अतिशय चंचल रेणू बाहेर पडतात. त्यांच्यातल्या कित्येकांना फ्री रॅडिकल म्हणतात. असा रेणू जवळच्या चरबीवर, प्रथिनावर, अगदी डीएनएवरही चाल करून जातो. त्याला शांत करणारा कोणताही पदार्थ अँटिऑक्सिडंट ठरतो. म्हणजे हे एका पदार्थाचं नाव नाही, एका कामाचं नाव आहे. क आणि ई जीवनसत्त्व, गाजरातलं बीटा-कॅरोटीन, टोमॅटोतलं लायकोपीन, जांभळाचा जांभळा रंग, चहाचा तुरटपणा, हळदीतलं करक्युमिन ही सगळी एकमेकांपासून अगदी वेगळी रसायनं या एकाच शब्दाखाली येतात. गोंधळ सुरू होतो तो इथूनच.

फ्री रॅडिकल वाईटच असतात ना? मग ते जितके कमी तितकं चांगलं!

१९५६ मध्ये डेनहम हार्मन या अमेरिकी शास्त्रज्ञाने म्हातारपणाचं मूळ फ्री रॅडिकलच्या नासधुशीत आहे, असा सिद्धान्त मांडला आणि तेव्हापासून हा समज पसरत गेला. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात त्या याच चंचल रेणूंचा मारा करून. बिघडलेल्या पेशीला 'आता मर' हा निरोपही बरेचदा यांच्यामार्फतच जातो. व्यायाम करताना स्नायूंना 'बळकट हो' असं सांगणारेही हेच. शिवाय शरीराची स्वतःची एन्झाइम त्यांचा बंदोबस्त करतच असतात. चुलीतला जाळ घरभर पसरला तर घर जळेल, पण चूल कायमची विझवली तर भाकरी कशी होणार?

आपल्या रोजच्या जेवणात अँटिऑक्सिडंट कशात असतात?

यासाठी परदेशी बेरी शोधायला नकोत. आवळा, पेरू, शेवग्याचा पाला, माठ, मेथी, लाल भोपळा, टोमॅटो, हापूस, जांभूळ, करवंदं, कोकम, डाळिंब, कांदा, लसूण, हळद, तीळ, शेंगदाणे, नाचणी, ज्वारी, आणि हो, चहासुद्धा. नाचणीच्या लालसर सालीत पॉलिफेनॉल (वनस्पतींतली तुरट, रंगीत अँटिऑक्सिडंट) असतात, म्हणून नाचणी पॉलिश करून पांढरी करू नये. आवळ्यातल्या क जीवनसत्त्वाचा आकडा जुन्या भारतीय तक्त्यांत १०० ग्रॅमला ६०० मिलिग्रॅम होता. २०१७ च्या नव्या तक्त्यात तो निम्म्याहून कमी आहे. तरीही आवळा फळांच्या वरच्याच रांगेत बसतो.

भाज्या-फळं खाणारे निरोगी राहतात, हे तर सिद्ध आहे. मग त्यातलं सत्त्व काढून गोळीत दिलं तर फायदा का होऊ नये?

नेमका हाच विचार १९८० च्या दशकात मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी केला होता. गाजर, पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसत होता. त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीनही जास्त सापडत होतं. तेव्हा ते गोळीतून देऊन पाहावं, असं ठरलं.

फिनलंडमध्ये १९८५ साली ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ पुरुषांना घेऊन चाचणी सुरू झाली. सगळे सिगारेट ओढणारे. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना ५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसती रिकामी गोळी. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा शास्त्रज्ञ हादरले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त आढळला आणि एकूण मृत्यूही ८ टक्क्यांनी जास्त.

काहींना वाटलं, हा योगायोग असेल. पण अमेरिकेतही तशीच चाचणी चालू होती. त्यात १८,३१४ जण होते: सिगारेट ओढणारे, ती सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार. त्यांना ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि सोबत अ जीवनसत्त्व दिलं जात होतं. जानेवारी १९९६ मध्ये ही चाचणी ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी जास्त होते.

या कहाणीतली सगळ्यात शिकवणारी गोष्ट फिनलंडच्याच आकड्यांत दडलेली आहे. चाचणी सुरू होण्याआधी, म्हणजे नुसत्या जेवणातून, ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त होतं त्यांना हा कर्करोग खरोखरच कमी झाला. रेणू तोच, माणसंही तीच, पण जेवणातून आला तेव्हा एक चित्र दिसलं आणि गोळीतून आला तेव्हा दुसरंच.

असं का व्हावं? एक तर मात्रा. पाव किलो गाजरातही साधारण २० मिलिग्रॅमच्या आसपास बीटा-कॅरोटीन असू शकतं, पण कच्च्या गाजराच्या घट्ट पेशींतून आतड्याला त्यातलं थोडंच मिळतं. गोळीतलं मात्र सहज शोषलं जातं. फिनलंडमध्ये गोळी घेणाऱ्यांच्या रक्तातलं प्रमाण दहापटीहून जास्त वाढलं होतं. दुसरं म्हणजे सिगारेटच्या धुराने पोळलेल्या, ऑक्सिजनने भरलेल्या फुप्फुसात बीटा-कॅरोटीन स्वतःच मोडतं आणि त्याचे तुकडे उलट नासधूस करतात, असा अंदाज आहे. रक्षक म्हणून पाठवलेलाच दंगलीत सामील होतो. आणि तिसरं कारण अगदी साधं. गाजर खाणारा माणूस नुसतं बीटा-कॅरोटीन खात नाही. त्यासोबत तंतुमय पदार्थ येतात, पोटॅशियम येतं, शेकडो इतर रेणू येतात, आणि गाजराने पोट भरल्यामुळे ताटातली एक भजीही कमी होते.

मी विडी-सिगारेट ओढतो. निदान फुप्फुस जपायला अँटिऑक्सिडंट घेऊ का?

बीटा-कॅरोटीन असलेली कोणतीही गोळी घेऊ नका. सिगारेट आत्ता आत्ता सोडली असेल तरीही नको. चाचण्या सिगारेट ओढणाऱ्यांवर झाल्या होत्या, पण विडीचा धूर काही वेगळ्या जातीचा नाही. या एका उत्तरात मी 'कदाचित', 'शक्यतो' असे शब्द मुद्दाम वापरत नाही. गाजर, भोपळा, आंबा, पालेभाजी मात्र खुशाल खा. धोका गोळीचा आहे, भाजीचा नाही.

आणि सिगारेट न ओढणाऱ्यांना?

अमेरिकेत २२ हजारांहून जास्त पुरुष डॉक्टरांनी सुमारे १२ वर्षं एक दिवसाआड ५० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेतलं किंवा रिकामी गोळी घेतली. त्यात सिगारेट ओढणारे फार थोडे होते. ना फायदा झाला, ना तोटा. बारा वर्षं गोळ्या खाऊन हाती शून्य आलं, हाही एक निकालच आहे.

ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल तर त्वचेसाठी, हृदयासाठी सगळेच घेतात...

घेतात खरे. कोणत्याही मेडिकलमध्ये ४०० युनिटची ती हिरवी-पिवळी मऊ कॅप्सूल चिठ्ठीशिवाय मिळते. पण अमेरिका आणि कॅनडामध्ये ३५ हजारांहून जास्त पुरुषांवर झालेल्या चाचणीत हीच ४०० युनिटची मात्रा प्रोस्टेटचा कर्करोग टाळण्यासाठी रोज देऊन पाहिली. फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११ मध्ये पुढचे आकडे आले तेव्हा ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त निघाला. फिनलंडच्या चाचणीत ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने होणारे मृत्यूही जास्त होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ही कॅप्सूल स्वतःच्या मनाने मुळीच सुरू करू नका.

२०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी अशा ७८ चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत जवळपास तीन लाख लोक होते. आयुष्य वाढल्याचा पुरावा सापडला नाही. उलट बीटा-कॅरोटीन, आणि बहुधा ई जीवनसत्त्वही, मृत्यू किंचित वाढवतं असं दिसलं. २०२२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञगटाने कर्करोग वा हृदयविकार टाळण्यासाठी ही दोन्ही घेऊ नका, असं स्पष्ट सांगितलं. शेंगदाणे, तीळ, करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल यांतून ई जीवनसत्त्व आपल्याला मिळतच असतं.

क जीवनसत्त्वाने सर्दी बरी होते का?

रसायनशास्त्राचं आणि शांततेचं अशी दोन नोबेल मिळवणारे लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये मोठ्या मात्रेतल्या क जीवनसत्त्वाचा जोरदार पुरस्कार केला आणि जगभर लोक चघळायच्या गोळ्या घेऊ लागले. नंतरच्या चाचण्यांनी जे दाखवलं ते असं: रोज घेणाऱ्यांची सर्दी टळत नाही, पण मोठ्यांमध्ये ती साधारण ८ टक्के आणि मुलांमध्ये १४ टक्के लवकर आटोपते. म्हणजे आठवडाभराची सर्दी फार तर अर्धा-एक दिवस आधी जाते. शिंका सुरू झाल्यावर गोळी घेऊन ठोस उपयोग दिसलेला नाही. कडाक्याच्या थंडीत प्रचंड श्रम करणारे सैनिक, मॅरेथॉन धावणारे अशांमध्ये मात्र सर्दीचं प्रमाण निम्म्यावर आलं होतं.

आपल्याकडे प्रौढ पुरुषाला रोज ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. एका मध्यम पेरूत त्याहून जास्त असतं. रोज हजार मिलिग्रॅमची गोळी विरघळवून पिणाऱ्यांनी मुतखड्याचा विचार करावा. जास्तीच्या क जीवनसत्त्वाचा काही भाग शरीरात ऑक्झलेट, म्हणजे खडा बनवणारा क्षार, होऊन लघवीवाटे जातो. २३ हजारांहून जास्त स्वीडिश पुरुषांच्या २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासात या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मुतखड्याचं प्रमाण सुमारे दुप्पट आढळलं. ज्यांना एकदा खडा होऊन गेला आहे त्यांनी लिंबू-पेरूवर भागवावं.

हळदीचं काय? ती तर आपल्या घरचीच.

हळदीबद्दल मला माया आहे, हे आधीच सांगते. सांगलीची हळदपेठ, हरिपूरच्या जमिनीखालची हळद साठवायची पेवं, पावसाळ्यात ओल्या पोत्यांचा वास यांच्या सोबतीनेच मी वाढले. म्हणूनच तिच्या नावावर काहीही खपवलेलं मला सहन होत नाही.

हळद पुडीत करक्युमिन साधारण ३ टक्के असतं. दिवसभराच्या भाजी-आमटीतून पोटात जाणाऱ्या हळदीतून आपल्याला ते थोडंसंच मिळतं, आणि तेही आतड्यातून फारसं शोषलं जात नाही. फोडणीतलं तेल आणि मिरीची चिमूट त्याला थोडी मदत करतात. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिरीतला तिखट घटक, दिला तर माणसाच्या रक्तात ते वीसपट पोचतं. हा अभ्यास हाती धरून बाजारात ५००-१००० मिलिग्रॅम करक्युमिन अधिक पिपरिनच्या कॅप्सूल आल्या. एका कॅप्सूलमध्ये कित्येक दिवसांच्या स्वयंपाकातली हळद, आणि वर तिला रक्तात ढकलणारा पिपरिन. आता ही 'घरची हळद' उरली का? इटलीत २०१९ च्या सुमारास आणि नंतर अमेरिकेत अशा कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. अमेरिकेतल्या दहा रुग्णांच्या अभ्यासात त्यांतल्या बऱ्याच जणांमध्ये एक विशिष्ट जनुकीय प्रकार सापडला. म्हणजे सगळ्यांनाच त्रास होतो असं नाही, पण आपण त्या थोड्यांपैकी आहोत का, हे गोळी घेण्याआधी कुणालाच माहीत नसतं. पिपरिन इतर औषधांचं शोषणही बदलू शकतं, ही आणखी एक अडचण.

गुडघेदुखीत करक्युमिनने काहींना उतार पडतो, असं सांगणाऱ्या छोट्या चाचण्या आहेत. ज्यांना वेदनाशामक गोळ्या सोसत नाहीत त्यांनी डॉक्टरांशी बोलून, यकृताची तपासणी करून काही आठवडे घेऊन पाहणं मला गैर वाटत नाही. पण 'रोज एक, आयुष्यभर, तब्येत राखायला' हे मात्र नको.

"हळदीच्या पेटंटसाठी आपण अमेरिकेशी भांडलो ना?" असंही विचारलं जातं. भांडलो, आणि जिंकलो. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला मिळालेलं पेटंट मूळच्या गोव्यातल्या माशेलच्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करवलं. पण तो लढा जखमेवर लावायच्या हळदीचा होता. आजीचं ज्ञान तिथे कामी आलं. कॅप्सूलच्या पाठीमागे आजी उभी नाही.

आणि एक. बांगलादेशात हळकुंडांना चकाकी यावी म्हणून लेड क्रोमेट लावलं जात असल्याचं उघड झालं होतं. शिसं मेंदूला, विशेषतः मुलांच्या मेंदूला, फार घातक. डोळ्यांत भरणारं झगझगीत पिवळं हळकुंड घेऊ नका. चांगली हळद काहीशी मळकट दिसते.

ग्रीन टी प्यावा की नाही?

प्यायचा तर प्या. दिवसाला दोन-तीन कप चहाने यकृत बिघडत नाही. बिघडतं ते वजन कमी करायच्या गोळ्यांमधल्या अर्काने. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की ग्रीन टीतला मुख्य घटक, ईजीसीजी, पूरक गोळीतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त गेल्यास रक्तातली यकृताची एन्झाइम वाढू शकतात. उपाशीपोटी घेतल्यास धोका जास्त.

कोकमाची गोष्टही अशीच आहे. आमसुलाचं सार, सोलकढी निर्धास्त घ्या. कोकमातच आढळणारं एक आम्ल त्याच्या दक्षिणेतल्या भाऊबंदाच्या फळातून काढून गार्सिनियाच्या नावाने 'चरबी जाळायला' विकलं जातं. त्या गोळ्यांनी लोकांची यकृतं बिघडल्याच्या नोंदी आहेत.

गुळवेलीचा काढा?

कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेल आली. मुंबईतल्या डॉक्टरांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० दरम्यान यकृताला इजा झालेल्या, गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. त्यानंतर देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास आला. ज्यांचा आजार शरीराने स्वतःवरच हल्ला करण्यातून येतो, उदाहरणार्थ थायरॉइडचे काही विकार किंवा संधिवात, त्यांनी 'प्रतिकारशक्ती वाढवणारं' काहीही घेताना दोनदा विचार करावा. काविळीची जराशी शंका आली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, की काढा त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जायचं.

सकाळी उपाशीपोटी भाज्या-फळांचा रस प्यायला तर?

रस म्हणजे एका घोटात अर्धा किलो भाजी. फायदेशीर घटक एकवटतात तसे त्रासदायकही एकवटतात. कोकणात, गोव्यात परसातली बिंबली आमटीत चार-दोन घातली तर चव येते. केरळात कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून याच फळाचा दाट रस प्यायलेल्या दहा जणांची मूत्रपिंडं ऑक्झलेटमुळे अचानक बंद पडल्याची नोंद २०१३ मध्ये झाली, आणि त्यांच्यापैकी काहींना डायलिसिसवर ठेवावं लागलं. करमळ, म्हणजे स्टारफ्रूट, मूत्रपिंडाच्या रुग्णांनी एक फोडसुद्धा खाऊ नये. त्यातला एक घटक थेट मेंदूवर विषारी परिणाम करतो.

दुधीचा रस कडू लागला तर घोट थुंकून टाका. 'औषध कडूच असतं' म्हणून तो संपवणाऱ्यांच्या जिवावर बेतलं आहे. माझी सगळ्यांना विनवणी आहे, फळ चावून खा आणि भाजी शिजवून खा.

चहातले अँटिऑक्सिडंट चांगले, मग जेवणासोबत चहा घेतला तर दुहेरी फायदा?

नाही. इथे तर उलट तोटा आहे आणि महाराष्ट्रातल्या बायकांना तो रोज सोसावा लागतो. चहातले तुरट पॉलिफेनॉल जेवणातल्या लोहाला पकडून ठेवतात, त्यामुळे पालेभाज्या-डाळींतलं लोह निम्म्याहूनही कमी शोषलं जाऊ शकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आढळला. माझ्या मावशीने कितीतरी महिने लोहाची गोळी चहाच्या कपासोबत घेतली. हिमोग्लोबिन काही वाढेना. गोळी तीच ठेवून फक्त चहा दोन तास लांबवला आणि सोबत अर्ध्या लिंबाचं पाणी दिलं, तेव्हा कुठे आकडा हलला.

क जीवनसत्त्व नेमकं उलटं काम करतं, लोह आत घ्यायला मदत करतं. पोह्यांवर पिळलेलं लिंबू, भाकरी-पिठल्यासोबतचा पेरू-आवळा ही नुसती चवीची बाब नाही. एक अँटिऑक्सिडंट लोह अडवतो, दुसरा वाट करून देतो. 'अँटिऑक्सिडंट चांगले' हे वाक्य किती पोकळ आहे, ते इथे कळतं.

शिजवल्यावर सगळं नष्ट होतं का?

क जीवनसत्त्व बरंच जातं. पाण्यात उकळून ते पाणी फेकलं तर फारच. म्हणून भाजी चिरण्याआधी धुवायची, झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवायची. पण टोमॅटोचं लायकोपीन आणि गाजर-भोपळ्याचं बीटा-कॅरोटीन शिजवल्यावर, तेही तेलात, जास्त मिळतं. टोमॅटोच्या साराला तुपाची फोडणी आणि गाजराच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट घालणाऱ्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, पण करत होत्या ते बरोबरच. थोडं कच्चं, थोडं शिजलेलं, दोन्ही असू द्या.

डब्यावर 'अमुक इतकी अँटिऑक्सिडंट शक्ती' असा आकडा असतो. तो पाहावा का?

दुर्लक्ष करा. तो आकडा परीक्षानळीतला आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांची मोठी यादी संकेतस्थळावर ठेवली होती. तिचा आरोग्याशी संबंध लागत नाही आणि कंपन्या ती जाहिरातीला वापरतात, म्हणून २०१२ मध्ये त्यांनीच ती काढून टाकली. पोटात गेल्यावर बहुतेक पॉलिफेनॉल आतड्यातले जंतू आणि यकृत मिळून बदलून टाकतात. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते हे खरं, पण ओरेगॉनच्या संशोधकांना आढळलं की ती वाढ सफरचंदाच्या पॉलिफेनॉलमुळे होत नव्हती. फळातल्या साखरेने रक्तात वाढलेल्या युरिक ॲसिडमुळे होत होती! मग फळांचा फायदा होतो तो कसा? आज बऱ्याच शास्त्रज्ञांचं मत असं की हे वनस्पतिज पदार्थ शरीराला हलकासा चिमटा काढतात आणि त्यामुळे शरीर स्वतःची संरक्षक एन्झाइम वाढवतं. चिमटा हलकाच असायला हवा, हे ओघाने आलंच.

रोज व्यायाम करतो. थकवा भरून यायला क आणि ई घेऊ?

जर्मनीत २००९ मध्ये तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. ज्यांना सोबत रोज हजार मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई दिलं, त्यांच्यात व्यायामाने इन्शुलिनचं काम सुधारायला हवं होतं ते सुधारलंच नाही. घाम गाळून कमावलेलं गोळीने घालवू नका.

कर्करोगाचे उपचार चालू आहेत. ताकद यावी म्हणून नातेवाईक अँटिऑक्सिडंट आणून देतात.

हे प्रेमापोटी होतं, मला कळतं. तरीही केमो किंवा रेडिएशन चालू असताना तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी, काढा, अर्क घेऊ नका. बरेचसे उपचार गाठीतल्या पेशींवर फ्री रॅडिकलचाच मारा करून काम करतात. आपण ढाल पुरवली तर ती कर्करोगाच्या पेशीही वापरतील, ही भीती काल्पनिक नाही. स्वीडनमध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत ई जीवनसत्त्वासारख्या पदार्थांनी फुप्फुसातल्या गाठी भराभर वाढल्या. प्रयोगशाळेत असंही दिसलंय की ग्रीन टीचा ईजीसीजी बोर्टेझोमिब या कर्करोगावरच्या औषधाला चिकटून ते निकामी करतो. मऊ भात, वरण, पचेल ती शिजवलेली भाजी आणि फळ ज्याला खावंसं वाटेल त्याला खाऊ द्या. तीच ताकद.

गरोदरपणात? आणि मूल होत नसेल तर?

गरोदरपणातला वाढता रक्तदाब टाळायला क आणि ई जीवनसत्त्व देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही. जागतिक आरोग्य संघटना त्यासाठी ते देऊ नका म्हणते. लोह, फॉलिक ॲसिड आणि कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या, त्या सोडायच्या नाहीत. पुरुषांच्या वंध्यत्वावर महागडी अँटिऑक्सिडंट पाकिटं सर्रास दिली जातात. अमेरिकेत २०२० मध्ये आलेल्या चाचणीत क, ई, सेलेनियम, लायकोपीन, झिंक वगैरे एकत्र देऊनही शुक्राणूंत फरक पडला नाही. त्या पैशांत महिनाभराची फळं येतात, आणि तंबाखू सोडायला तर एक पैसाही लागत नाही.

गोळीतला अँटिऑक्सिडंट कुठेच उपयोगी नाही का?

आहे. उतारवयात दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज मध्यम टप्प्यावर असेल तर क, ई, झिंक, तांबं आणि झेंडूच्या फुलांतूनही काढलं जाणारं ल्युटीन यांची ठरावीक मात्रेतली गोळी आजार पुढे सरकण्याची शक्यता पाच वर्षांत सुमारे पाव हिश्शाने कमी करते. पहिल्या चाचणीतल्या गोळीत बीटा-कॅरोटीन होतं, ते २०१३ च्या दुसऱ्या चाचणीनंतर काढून ल्युटीन आणि झिॲझँथिन घातलं गेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिली तर जरूर घ्या. निरोगी डोळ्यांना तिचा उपयोग नाही. अमेरिकेत २१ हजारांहून जास्त लोकांना कोकोतले फ्लेव्हनॉल (एक प्रकारचे पॉलिफेनॉल) देऊन पाहिले. हृदयविकाराचे एकूण झटके खात्रीने कमी झाले नाहीत, पण हृदयविकाराने होणारे मृत्यू २७ टक्के कमी दिसले. हे आशादायक आहे, पण दुसऱ्या अभ्यासाने दुजोरा मिळेपर्यंत थांबायला हवं. आणि त्यात चॉकलेट नव्हतं, कॅप्सूल होती, हेही मुलांना सांगून ठेवा.

रेड वाइन?

नाशिकची असो वा फ्रान्सची, तिच्यातलं रेस्व्हेराट्रॉल हे द्राक्षांच्या सालीतलं अँटिऑक्सिडंट चाचण्यांमध्ये दिलं तितकं मिळवायला शेकडो लिटर प्यावी लागेल. द्राक्षं खा.

मग रोज किती भाजी-फळं खायची?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं असं माप आहे. दोन वेळच्या दोन भाज्या, एक कोशिंबीर, आमटीत घातलेला शेवगा-भोपळा आणि एक हंगामी फळ इतकं झालं की माप जवळपास भरतं. आजही आपल्या बऱ्याच घरांत बाईच्या ताटात भाजी शेवटी उरेल तेवढीच येते. ती आधी तिच्या ताटात वाढा.

घरात आधीच बाटली आणून ठेवली आहे. आता काय करू?

पाठीमागचं बारीक अक्षर वाचा. 'बीटा-कॅरोटीन' आहे का, 'एक्स्ट्रॅक्ट' (अर्क) किती मिलिग्रॅम आहे, पिपरिन आहे का, एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे का, ते पाहा. 'औषधी वापरासाठी नाही' असं तिथे इंग्रजीत बहुधा छापलेलं असतं, पण पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांपुढे ते दिसत नाही. रक्त पातळ करण्याची, मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल, शस्त्रक्रिया ठरली असेल, यकृत-मूत्रपिंडाचा त्रास असेल तर बाटली उघडण्याआधीच डॉक्टरांना दाखवा. "घरगुतीच आहे, सांगायचं काय" म्हणून ही गोष्ट बहुतेक जण लपवतात. पुढच्या भेटीला चालू गोळ्यांच्या पिशवीत ती बाटलीही टाका, च्यवनप्राशचा डबासुद्धा. त्यात साखर भरपूर असते आणि मधुमेह असलेले कितीतरी आजोबा सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे घेत असतात.